पलसाण्याच्या मातीतील ताम्रपट

पदार्थसंग्रहालयात येणाऱ्या माणसाची पावले कोठे थबकतात, हे पाहण्यासारखे असते. रत्नजडित तलवार, हस्तिदंती पेटी, एखादी रेखीव मूर्ती यांच्यापुढे घोळका जमतो. भिंतीलगतच्या कपाटात एका कडीत ओवलेले तांब्याचे तीन पत्रे मांडलेले असतात. त्यांच्यावर ओझरती दृष्टी टाकून मंडळी पुढे सरकतात. त्यांत दोष पाहणाराचा नाही. अक्षरे लागत नाहीत, चित्र नसते, आणि शेजारच्या चिठ्ठीवर राजाचे नाव व सन यांपलीकडे बहुधा काही लिहिलेले नसते. परंतु जुना समाज जमीन कशी वाटीत होता, कर कोणते देत होता, आणि कशाला भीत होता, हे ज्यास जाणावयाचे असेल त्याने तलवारीपेक्षा या पत्र्यांपुढे अधिक वेळ उभे राहावे.

सुरत जिल्ह्यातील पलसाणा तालुका याचे उत्तम उदाहरण होय. हा मुलूख पूर्वी बडोद्याच्या गायकवाडांच्या नवसारी प्रांतात मोडत असे. तेथील बगुम्रा हे गाव एरवी कोणाच्या लक्षात राहिले नसते. परंतु इतिहासाच्या अभ्यासकांत हे नाव शंभरांहून अधिक वर्षे सुपरिचित आहे. कारण या एका गावाच्या नावाने निदान सहा ताम्रपट प्रसिद्ध आहेत. गेओर्ग ब्यूलर, हुल्ट्झ आणि पुढे देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांच्यासारख्या विद्वानांनी त्यांचे वाचन केले. त्यांतील सर्वांत जुन्या अस्सल लेखाचे संपादन महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कलचुरि-चेदि संवताच्या लेखांच्या आपल्या बृहद्ग्रंथात १९५५ साली पुन्हा केले.

अशा ताम्रपटाची घडण प्रथम पाहावी. पत्र्यांच्या कडा किंचित उचललेल्या असतात, म्हणजे एकावर एक ठेवले असता अक्षरे घासली जाऊ नयेत. बाहेरच्या दोन पत्र्यांच्या आतल्याच बाजूंवर मजकूर असतो, मधल्याच्या दोन्ही बाजूंवर. कडीच्या सांध्यावर राजमुद्रा बसविलेली असते. राष्ट्रकूट सम्राटांच्या मुद्रेवर बहुधा गरुड आढळतो. कडी कापल्यावाचून पत्रा बदलता येऊ नये, अशी ही योजना आहे. लबाडीची शंका ज्यांना सतत होती, अशा लोकांनी बनविलेली ही वस्तू आहे, हे मजकूर वाचण्यापूर्वीच कळून येते.

मजकुराचा पहिला मोठा भाग राजवंशाच्या स्तुतीचा असतो. इतिहासकारांनी शंभर वर्षे मुख्यतः हाच भाग उपसला, आणि ते स्वाभाविकही होते. राजांचा अनुक्रम लागल्याखेरीज पुढचे काही लावता येत नव्हते. राष्ट्रकूट इंद्र तिसरा याची बगुम्र्याची दोन दानपत्रे शके ८३६ मधील, म्हणजे सन ९१५ च्या फेब्रुवारीतील आहेत. पट्टबंधाच्या उत्सवासाठी राजा मान्यखेटाहून कुरुंदक येथे गेला, तेथे त्याने सुवर्णतुला केली, आणि पारड्यातून खाली उतरण्यापूर्वीच कुरुंदक व इतर गावे आणि वीस लक्षांहून अधिक द्रम्म दान दिले. पूर्वीच्या राजांनी हिरावून घेतलेली चारशे गावेही परत केली, असे त्यांत सांगितले आहे. हे कुरुंदक म्हणजे कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळील कुरुंदवाड, असा विद्वानांचा तर्क आहे. प्रशस्ती रचणारा त्रिविक्रमभट्ट हा ‘नलचंपू’चाही कर्ता. त्यामुळे लाटदेशीच्या गावातील हा तांब्याचा पत्रा संस्कृत वाङ्मयाच्या कालगणनेतही एक भक्कम खुंटा ठरला आहे.

पण खरे कुतूहल वाटावे ते स्तुती संपल्यानंतर. राजा येथे दोन ब्राह्मणांना दोन गावे देतो. एक तेन्न, म्हणजे आजचे तेन. दुसरे उंबरा, म्हणजे खुद्द बगुम्रा. गाव द्यावयाचे तर त्याच्या चतुःसीमा सांगाव्या लागतात, आणि येथे कवीला थांबून गावच्या जाणकाराला बोलावे लागते. तेन्नाच्या शेजारचे वरदपल्लिका हे आजचे बारडोली. उंबऱ्याच्या शेजारचे संकी म्हणजे सांकी, आणि जवलकूपक म्हणजे जोळवा. अकराशे वर्षांत राज्ये किती बदलली याची गणती करावी, आणि ही नावे मात्र शेतकऱ्याच्या तोंडी कशी टिकली हे पाहावे. नावांचा अर्थ लावला म्हणजे भूप्रदेशही डोळ्यांपुढे येतो: कोठे उंबराचे झाड, कोठे लहानशी विहीर, कोठे पल्ली म्हणजे छोटी वस्ती. बारडोलीचा प्रारंभ एका पाड्यातून झाला, हे तिच्या नावात अजून दडलेले आहे.

त्यानंतर हक्कांची यादी येते. धान्य व सुवर्ण या रूपाने येणारा सारा, दहा अपराधांबद्दलचा दंड आणि विष्टी म्हणजे वेठ, हे सर्व राजाकडून दान घेणाराकडे जाते. सरकारी शिपायांनी व सैनिकांनी त्या गावात शिरू नये, असेही कलम असते. ही शब्दावली त्या काळी ठरीव होती, तरी तिचे मोल कमी होत नाही. ठरीव मसुद्यात जे नेहमी घालावे लागते, ते समाजात नेहमीच घडत असले पाहिजे. शिपाई गावात शिरला तर काय होते, हे ज्यांनी भोगले होते त्यांनाच त्या कलमाची किंमत कळत होती. मात्र ज्यांच्या श्रमांतून हा सारा व ही वेठ निघावयाची, त्या नांगरधाऱ्यांपैकी एकाचेही नाव पत्र्यावर येत नाही. दात्याचे नाव आहे, प्रतिग्रहीत्याचे व त्याच्या पित्याचे आहे, कवीचे आहे. कष्टकरी तेथे आहे तो विष्टी या एका शब्दात.

इतर पत्र्यांचे स्वभाव निरनिराळे आहेत. गुजरात शाखेच्या दुसऱ्या ध्रुवाने शके ७८९ मध्ये, सन ८६७ च्या सूर्यग्रहणात, नर्मदास्नान करून दिलेल्या दानाचा प्रतिग्रहीता धोड्डी नावाचा ब्राह्मण होता. त्रेण्णा येथील अन्नछत्रासाठी त्याची ख्याती होती. एकीकडे गुर्जर, दुसरीकडे स्वकुळातील सम्राट आणि घरातच फिरलेले भाऊबंद, अशा कात्रीत सापडलेला राजा अन्नछत्र चालविणाऱ्याला गाव देतो, हा योग विचार करावयास लावणारा आहे. शके ८१० मधील कृष्णराजाच्या पत्र्यात अशुद्धे फार आहेत. परंतु त्यात सुरतेजवळचे वरियाव हे कोंकणात गणले आहे. कोंकणाची सीमा मनाने दमणगंगेवर ठरवून टाकणाराने हे ध्यानी ठेवावे.

सर्वांत जुना अस्सल ताम्रपट कलचुरि संवत ४०६, म्हणजे सन ६५५ मधील आहे. त्याचा दाता सेंद्रक वंशातील निकुंभाल्लशक्ती. याच घराण्याचे ताम्रपट खानदेशात कासारे व मुंदखेडे येथे आणि सीमेवर नागद येथे सापडले आहेत. साक्रीच्या पठारापासून तेनच्या काळ्या जमिनीपर्यंत एकाच सामंतकुळाचा अंमल होता, हे निरनिराळ्या गावी सापडलेले पत्रे शेजारी शेजारी ठेवल्यावरच उमगते. एकटा पत्रा हे सांगू शकत नाही.

आणि सहावा ताम्रपट खोटा आहे. दुसरा दद्द या गुर्जर राजाच्या नावाचा, शके ४१५ म्हणजे सन ४९३ चा. या राजाचे अस्सल पत्रे खेडा येथील आहेत. त्यांत कलचुरि संवताची ३८० व ३८५ ही वर्षे आहेत, म्हणजे तो सन ६३० च्या सुमारास राज्य करीत होता. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी तो दान देणार कसा? शिवाय शकाचा उपयोग त्या घराण्याच्या अस्सल लेखांत नाही. म्हणून हा बनावट पत्रा बाजूला टाकावा काय? राजांच्या याद्या करणाराने तसे अवश्य करावे. समाजाच्या अभ्यासकाने मात्र तो नीट जपून ठेवावा. कोणी तरी तांबे मिळविले, जुन्या वळणाची अक्षरे कोरविली, जुन्या राजाचे नाव आठवून घातले. एवढा खटाटोप जमिनीचा हक्क शाबीत करण्यासाठीच केला असला पाहिजे. दान हिरावणारा साठ हजार वर्षे विष्ठेतील किडा होतो, हा शाप अस्सल पत्र्यांतून वारंवार का येतो, याचाही उलगडा येथेच होतो. त्या शापाचा धाक पुरेसा असता तर इंद्राला चारशे गावे परत करावी लागली नसती.

या साऱ्यात एका गोष्टीची हळहळ वाटते. इंद्राचे पत्रे ग्रंथांत कधी नवसारीचे तर कधी बगुम्र्याचे म्हणून उल्लेखिले जातात. गावाची अशी अदलाबदल वाचकाला क्षुल्लक वाटेल. पण सांकी व जोळवा या गावांची ओळख पटते ती बगुम्रा हे ठिकाण ठाऊक असल्यामुळे. पत्रा कोणत्या शेतात, कोणत्या भिंतीखाली, कशासोबत मिळाला, हे एकदा लिहावयाचे राहिले की पुन्हा लिहिता येत नाही. आणि जे पत्रे विद्वानांच्या हाती न येता तांबटाच्या भट्टीत गेले, त्यांच्याविषयी काय बोलावे! सुरतेचे संग्रहालय विंचेस्टर म्युझियम या नावाने १८९० साली सुरू झाले, बडोद्याची संग्रहालयाची इमारत सयाजीरावांच्या काळी १८९४ साली पुरी झाली. त्यापूर्वी शतकानुशतके नांगराच्या फाळाला लागलेले तांबे वजनावर विकले जात होते.

आज मुंबईहून सुरतेस जाणारा महामार्ग पलसाण्यावरून जातो. जोळव्याच्या परिसरात कापडाच्या गिरण्यांची धुराडी उभी आहेत आणि दूरदूरच्या प्रांतांतून आलेले कामगार तेथे राहतात. गावाचे नाव ते रोज उच्चारतात. त्या नावात असलेली विहीर कोणती, हे गावातील वृद्धांनाही विचारून पाहावयास हवे.