बोलेनाशी झालेली मेमरी

रॅम वाढविल्यानंतर लॅपटॉप हँग होणे, निळा पडदा दाखवून आपोआप रिस्टार्ट होणे किंवा सुरूच न होणे, ही वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव अशा गावांतील दुरुस्तीच्या दुकानांना परिचित असलेली तक्रार आहे. तिचे निदान आज ज्या रीतीने केले जाते, ती रीत मात्र दुकानदारांच्या कल्पनेतून आलेली नसून संगणक-उद्योगाने 1990च्या दशकात केलेल्या एका काटकसरीतून आलेली आहे.

रॅम म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती धरून ठेवणारी मेमरी. तिची प्रचलित रचना आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांची असून तिचे पेटंट 1968 साली मिळाले. या रचनेत प्रत्येक बिट, म्हणजे शून्य किंवा एक, हा एका सूक्ष्म कपॅसिटरमधील विद्युतभाराच्या रूपात साठवला जातो. माठातून पाणी पाझरावे तसा हा भार सतत गळत असल्यामुळे तो साधारणपणे दर 64 मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो, आणि चिप 85 अंश सेल्सिअसच्या पुढे तापली की ही मुदत निम्म्यावर आणावी लागते. इतक्या नाजूक साठ्यात चूक होणारच, हे आरंभीच्या अभियंत्यांनी गृहीत धरले होते. इंटेलमधील टिमोथी मे आणि मरी वुड्स यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस तर असे दाखवून दिले की, चिपच्या आवरणातील युरेनियम-थोरियमच्या अत्यल्प अंशांतून निघणारे अल्फा कणही साठवलेला बिट उलटा करू शकतात.

म्हणूनच 1981च्या आयबीएम पीसीमध्ये दर आठ बिटांमागे नववा, पॅरिटीचा बिट होता. पॅरिटी म्हणजे बिटांमधील एकांची संख्या सम आहे की विषम, याची सोबत ठेवलेली नोंद. वाचताना ती जुळली नाही, तर यंत्र ‘पॅरिटी चेक’ असा संदेश देऊन थांबत असे. एएमआय कंपनीच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वप्रथम चालणाऱ्या आज्ञावलीत, या दोषासाठी दोन बीपांचा स्वतंत्र इशारा होता. दोष मेमरीत आहे, हे यंत्र स्वतःच सांगत होते.

नवव्या बिटासाठी मेमरीवरील खर्च एक-अष्टमांशाने वाढत असे. किमतीची स्पर्धा तीव्र झाली तशी घरगुती संगणकांतून पॅरिटी गाळली गेली आणि चूक शोधून दुरुस्तही करणारी ईसीसी मेमरी सर्व्हर व वर्कस्टेशनपुरती उरली. ग्राहकाला संगणक स्वस्त मिळाला हे खरे. पण दोष सांगण्याचे यंत्राचे काम त्याच वेळी दुरुस्ती करणाऱ्याच्या गळ्यात पडले, याची नोंद किमतीच्या पाटीवर कोठेच नव्हती.

वर्धा जिल्ह्याच्या दृष्टीने हा कालक्रम महत्त्वाचा आहे. सेवाग्राम येथे 1983पासून अभियांत्रिकी महाविद्यालय असले, तरी तालुक्याच्या गावांतील सामान्य माणसाच्या हाती संगणक आला तो मुख्यतः 2001 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी वर्गांमधून, म्हणजे पॅरिटी गाळली गेल्यानंतर. त्यामुळे या धंद्यात त्यानंतर आलेल्या कारागिरांच्या वाट्याला बहुतांशी मुकी मेमरीच आली.

अशा मेमरीचा दोष लक्षणांवरूनच ओळखावा लागतो. निळ्या पडद्यावरील संदेश प्रत्येक वेळी तोच असेल, तर संशय ड्रायव्हरवर, म्हणजे सुटे भाग चालविणाऱ्या सॉफ्टवेअरवर, जातो. तो दर वेळी बदलत असेल, तर रॅमवर. मग चार्जर आणि बॅटरी काढून रॅमची नवी स्टिक बाहेर घेतली जाते, तिच्या सोनेरी पट्ट्या स्वच्छ केल्या जातात (खोडरबराने घासण्याची सवय सर्वत्र आहे, पण त्याने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो), आणि स्टिक तिरपी सरकवून, दोन्ही बाजूंच्या क्लिपा कट्‌कन बसेपर्यंत खाली दाबली जाते. एवढ्याने भागले नाही, तर जुनी आणि नवी स्टिक एकेक करून दोन्ही स्लॉटांत लावून पाहतात: दोष स्टिकबरोबर फिरला तर स्टिक खराब, स्लॉटपाशीच राहिला तर मदरबोर्ड. क्रिस ब्रेडी यांनी 1994 साली लिहिलेला मेमटेस्ट86 हा प्रोग्राम मेमरीत ठरावीक नमुने लिहून ते पुन्हा वाचतो आणि न जुळलेली जागा दाखवतो. पॅरिटीने जे काम चालत्या यंत्रात क्षणोक्षणी केले असते, ते येथे यंत्र कामावरून काढून तासन्‌तास करावे लागते.

पुष्कळदा स्टिक खराब नसते, बेमेळ असते. डीडीआर3 आणि डीडीआर3एल या दोन्ही प्रकारच्या लॅपटॉप-स्टिकना 204 पिना असतात आणि खाचही एकाच जागी असते. परंतु पहिलीला 1.5 व्होल्ट लागतात, दुसरी 1.35 व्होल्टवर चालते. इंटेलच्या 2013च्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरांपासून बहुतेक लॅपटॉप 1.35 व्होल्टच पुरवू लागले, त्यामुळे जुन्या यंत्रातून काढलेली स्टिक नव्या यंत्रात व्यवस्थित बसते आणि तरीही यंत्र सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन मध्येच कोसळते. आकार सारखा ठेवून व्होल्टेज बदलणे हा उत्पादकांचा दोष मानावा लागेल.

पारा 45 अंशांच्या पुढे जाणाऱ्या वैदर्भीय उन्हाळ्यात दोष उष्णतेवर ढकलणे सोपे असते. गूगलच्या सर्व्हरांवरील 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र वर्षभरात 8 टक्क्यांहून अधिक स्टिकांमध्ये चुका आढळल्या, आणि तापमानाचा त्यांवरील परिणाम अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी दिसला. ती यंत्रे थंड केलेल्या दालनांत होती, हे लक्षात ठेवूनही, मे महिन्यातील प्रत्येक बिघाड उन्हाच्या माथी मारू नये, इतके त्यावरून म्हणता येते.

जेडेक या मानक-संस्थेने 2020 साली प्रसिद्ध केलेल्या डीडीआर5 मानकात चूक-दुरुस्ती परतली आहे, परंतु ती चिपच्या आतच होते; चिप आणि प्रोसेसर यांच्यामधील वाटेवर घडलेली चूक तिला दिसत नाही, त्यामुळे सैल बसलेली स्टिक पूर्वीइतकीच मुकी राहते. बऱ्याच पातळ लॅपटॉपांत तर रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते: तेथे ती वाढविण्याचा प्रश्न उद्भवत नाही, आणि ती बिघडल्यास साध्या दुकानात स्टिक बदलून भागत नाही, चिप उखडून नवी बसवावी लागते किंवा सबंध बोर्ड बदलावा लागतो.