पोटनिवडणूक, लोकसभेची (नागपूर व विदर्भ)

सार्वत्रिक निवडणुकीनंतर सभागृहाची मुदत संपण्याआधीच एखादी जागा रिकामी झाली, तर तेवढ्याच जागेसाठी घेतल्या जाणाऱ्या निवडणुकीला पोटनिवडणूक म्हणतात. लोकसभेची जागा सदस्याचे निधन, राजीनामा, अपात्रता किंवा न्यायालयाने निवडणूक रद्द ठरवणे यामुळे रिकामी होते. परवानगीशिवाय साठ दिवस गैरहजर राहिलेल्या सदस्याची जागाही सभागृह रिक्त घोषित करू शकते (अनुच्छेद १०१). दोन मतदारसंघांतून निवडून आलेल्याला एक जागा सोडावी लागते. पोटनिवडणुकीतून आलेल्या सदस्याला पूर्ण पाच वर्षे मिळत नाहीत; आधीच्या सदस्याची उरलेली मुदत तेवढीच त्याच्या वाट्याला येते.

नागपूर, भंडारा, रामटेक आणि चंद्रपूर या पट्ट्यात अशा निवडणुकांचा इतिहास पहिल्या लोकसभेपासूनचा आहे. त्यांतल्या काही निवडणुका एका जागेपुरत्या राहिल्या नाहीत. पुढे याच भागातले पोटनिवडणुकीचे वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आले आणि त्यामुळे कायद्यातल्या एका छोट्या कलमाचा अर्थ देशभर चर्चेत आला.

भंडारा, १९५४. १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत भंडारा हा दोन सदस्यांचा मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे चतुर्भुज जसानी निवडून आले. ते ज्या विडी व्यवसायाच्या पेढीत भागीदार होते, त्या पेढीने सैनिकांच्या कँटीनसाठी केंद्र सरकारला विड्या पुरवण्याचा करार केलेला होता. सरकारशी असा व्यापारी करार असलेल्या माणसाला निवडणूक लढवता येत नव्हती. विडीचा धंदा ज्या जिल्ह्याचा कणा होता, त्या जिल्ह्याच्या खासदाराची जागा विड्यांच्याच ठेक्यावरून जावी, हा या प्रकरणाचा एक भाग. दुसरा भाग त्याहून खोल आहे. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी भरलेला अर्ज फेटाळला गेला होता. कारण असे दिले गेले की ते महानुभाव पंथात गेले, म्हणून महार राहिले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी १९५४ रोजी दिलेल्या निकालात जसानी अपात्र ठरले आणि ठवरे यांचा अर्ज चुकीने फेटाळला गेल्याचे मान्य झाले. पंथ बदलल्यावर माणूस स्वतःला कोण समजतो आणि त्याची जात त्याला आपला मानते की नाही, हे पाहायला हवे, असे न्यायालयाने सांगितले. न्यायमूर्ती विवियन बोस यांनी लिहिलेला हा निकाल आजही जातीच्या दाखल्यांच्या खटल्यांत वाचला जातो. भंडाऱ्याच्या दोन्ही जागा रिकाम्या झाल्या.

मे १९५४ मध्ये झालेल्या या पोटनिवडणुकीला राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे उभे राहिले. १९५२ मध्ये मुंबईत त्यांचा पराभव झाला होता आणि ते राज्यसभेत होते. सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते. तेही १९५२ मध्ये हरलेले. मतदाराला दोन मते होती, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी असे आणि पेटीवर चिन्ह चिकटवलेले असे. मतदार आपली कोरी मतपत्रिका हत्तीच्या किंवा बैलजोडीच्या पेटीत टाकून येई. दुसरे मत कुणालाच द्यायचे नाही किंवा ज्याच्या विजयाची शक्यता नाही त्याला द्यायचे, म्हणजे ‘मते कुजवायची’, ही युक्ती त्या वेळच्या प्रचारात सर्रास ठाऊक होती. बाबासाहेबांच्या अनुयायांनी दुसरे मत कुजवले असते तर त्यांचा फायदा झाला असता, असा हिशेब मांडला गेला. त्यांनी त्याला नकार दिला आणि दुसरे मत अशोक मेहतांना द्यायला सांगितले, असे त्या निवडणुकीत त्यांच्यासोबत काम केलेल्यांनी नोंदवले आहे. निकाल लागला तेव्हा अशोक मेहता जिंकले होते आणि बाबासाहेब काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून सुमारे आठ हजार मतांनी हरले होते. भारतीय निवडणूक इतिहासात ज्या पोटनिवडणुकीला पहिले स्थान द्यायला हवे ती हीच, असे या नोंदीचे मत आहे. मतदाराच्या हातातले मत वाया घालवायला सांगायचे नाही, या भूमिकेची किंमत उमेदवाराने लोकसभेत जाण्याची संधी गमावून मोजली. ती लढाई त्यांची शेवटची निवडणूक ठरली. १९५६ मध्ये निधन होईपर्यंत ते राज्यसभेत राहिले.

वर्षभरात भाऊराव बोरकरांचे निधन झाले आणि १९५५ मध्ये भंडाऱ्याला पुन्हा पोटनिवडणूक झाली. त्यांच्या पत्नी अनसूयाबाई बोरकर काँग्रेसतर्फे निवडून आल्या. निधनानंतर घरातल्याच व्यक्तीला उमेदवारी देण्याची प्रथा विदर्भात अशी फार लवकर दिसते. १९६१ साली कायद्याने दोन सदस्यांचे मतदारसंघ रद्द झाले. अशोक मेहता पुढे १९६७ मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर याच भंडाऱ्यातून लोकसभेत गेले.

नागपूर, १९५९. पहिल्या दोन लोकसभांत नागपूरचे प्रतिनिधित्व अनसूयाबाई काळे यांनी केले. १९४२च्या चिमूर-आष्टी आंदोलनातल्या फाशीच्या कैद्यांसाठी त्यांनी केलेल्या धडपडीमुळे त्यांचे नाव वऱ्हाड-नागपुरात घरोघरी झाले होते. दुसऱ्या लोकसभेच्या मुदतीतच त्यांचे निधन झाले आणि १९५९ मध्ये नागपुरात पोटनिवडणूक लागली. त्या वेळी शहराच्या मनात एक सल होती. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते. द्विभाषिक मुंबई राज्यात आल्यावर सचिवालय आणि राजधानीचा मान दोन्ही मुंबईकडे गेले. अशा वेळी मैदानात उतरले ते वणीत जन्मलेले लोकनायक माधव श्रीहरी उर्फ बापूजी अणे. टिळकांच्या परंपरेतले, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातून १९४३ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडलेले, बिहारचे राज्यपाल राहिलेले आणि वेगळ्या विदर्भाचे आग्रही पुरस्कर्ते. वयाची पंच्याहत्तरी त्यांनी केव्हाच ओलांडली होती. ते अपक्ष म्हणून जिंकले आणि १९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीतही त्यांनी जागा राखली. काँग्रेसच्या भरभराटीच्या काळात राजधानी गमावलेल्या शहराने अपक्षाला दिल्लीला पाठवले, ही गोष्ट १९६०च्या महाराष्ट्र निर्मितीआधीच्या नागपूरचे मन समजून घ्यायला कुठल्याही भाषणापेक्षा जास्त उपयोगी पडते. १९६० मध्ये, विदर्भाला महाराष्ट्रात आणण्यासाठी झालेल्या नागपूर करारातल्या वचनाप्रमाणे, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपूरकडे आले.

त्यानंतरच्या काही निवडणुकांची नोंद थोडक्यात. चांदा मतदारसंघातून १९६२ मध्ये निवडून आलेले अपक्ष आदिवासी नेते लालश्यामशहा यांनी १९६४ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या आदिवासी भागातील पुनर्वसनाच्या प्रश्नावरून लोकसभेचा राजीनामा दिला. नागपूर जिल्ह्यातल्या रामटेकला २००७ मध्ये पोटनिवडणूक झाली. शिवसेनेतर्फे दोनदा निवडून आलेले सुबोध मोहिते काँग्रेसमध्ये गेले, राजीनामा देऊन पुन्हा उभे राहिले आणि शिवसेनेच्या प्रकाश जाधवांकडून हरले. पक्ष बदलल्यावर मतदारांपुढे पुन्हा जाण्याचा मार्ग त्यांनी पत्करला. आज पक्षांतराच्या बातम्या वाचताना ही जुनी घटना आवर्जून आठवायला हवी.

भंडारा-गोंदिया, २०१८. भाजपचे नाना पटोले यांनी शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरून नाराजी व्यक्त करत डिसेंबर २०१७ मध्ये लोकसभेचा राजीनामा दिला आणि ते काँग्रेसमध्ये गेले. मतदान २८ मे २०१८ रोजी झाले, म्हणजे कायद्याने दिलेली सहा महिन्यांची मुदत जवळजवळ संपत आलेली असताना. नवतपा (मेअखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू झालेल्या विदर्भात मे अखेरीचे मतदान म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही: सकाळी नवाच्या आत रांग लागते, दुपारी शाळेच्या व्हरांड्यात कर्मचारी आणि पोलिसांशिवाय कुणी नसते, पाच वाजल्यावर परत गर्दी होते. त्या दिवशी अनेक केंद्रांवर मतदान यंत्रे आणि मताची चिठ्ठी दाखवणारी व्हीव्हीपॅट यंत्रे बंद पडली. निवडणूक आयोगाने व्हीव्हीपॅटमधल्या बिघाडासाठी उष्णता आणि प्रखर प्रकाशाचे कारण पुढे केले. विरोधी पक्षांनी ते मानले नाही. ३० मे रोजी ४९ केंद्रांवर फेरमतदान झाले आणि गोंदियाच्या जिल्हाधिकाऱ्यांची बदली झाली. दुसऱ्या दिवशी, ३१ मेला, राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे यांनी भाजपचे हेमंत पटले यांना ४८,०९७ मतांनी हरवले. कुकडे स्वतः पूर्वी भाजपचे तुमसरचे आमदार होते. त्यांच्या वाट्याला जेमतेम एक वर्ष आले, कारण सोळाव्या लोकसभेची मुदत ३ जून २०१९ रोजी संपत होती. इतक्या थोड्या काळासाठी निवडणूक कशाला, असा सवाल करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती, पण न्यायालयाने निवडणूक थांबवली नाही. २८ मेलाच पालघरमध्येही पोटनिवडणूक झाली. भाजपचे खासदार चिंतामण वनगा यांच्या निधनाने रिकामी झालेली ती जागा भाजपच्या राजेंद्र गावितांनी शिवसेनेतर्फे उभ्या राहिलेल्या वनगांच्या मुलाला हरवून राखली. सहानुभूतीची लाट गृहीत धरता येत नाही, हे पालघरने दाखवले.

सहा महिन्यांचे कलम. १९९६ पर्यंत पोटनिवडणूक किती दिवसांत घ्यायची याला कायद्यात मर्यादाच नव्हती. त्या वर्षी लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये कलम १५१-अ आले: जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी. अपवाद दोनच. सदस्याची उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल तर. किंवा एवढ्या वेळात निवडणूक घेणे कठीण असल्याचे आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केले तर. 

पहिल्या अपवादातले ‘एक वर्ष’ कुठून मोजायचे, जागा रिकामी झाली त्या दिवसापासून की नवा सदस्य निवडून येईल त्या दिवसापासून, यावरच सगळा वाद आहे. नागपूर जिल्ह्यातल्या काटोल विधानसभा मतदारसंघाचे आमदार आशिष देशमुख यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये राजीनामा दिला. पोटनिवडणूक एप्रिल २०१९ मध्ये लोकसभेबरोबर ठेवली गेली, तेव्हा विधानसभेचे सात-आठ महिनेच उरले होते. नागपूर खंडपीठाने ही निवडणूक रोखली. अकोला पश्चिमचे आमदार गोवर्धन शर्मा यांचे नोव्हेंबर २०२३ मध्ये निधन झाले आणि आयोगाने २६ एप्रिल २०२४ची तारीख दिली, तेव्हाही खंडपीठाने २६ मार्च २०२४ रोजी ती निवडणूक रद्द केली. निवडून येणाऱ्याला वर्षही मिळणार नाही, हा त्यामागचा विचार.

दुसऱ्या अपवादाचे उदाहरण पुण्याचे. तिथले खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ रोजी वारले. लोकसभेची मुदत सव्वा वर्षाहून थोडी कमी उरली होती, तरी आयोगाने निवडणूक घेतली नाही. सार्वत्रिक निवडणुकीच्या तयारीत यंत्रणा गुंतली आहे आणि नव्या खासदाराला फार थोडा काळ मिळेल, असे कारण दिले. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने १३ डिसेंबर २०२३ रोजी हे म्हणणे फेटाळून तातडीने निवडणूक घेण्याचा आदेश दिला. मतदारसंघ प्रतिनिधीशिवाय ठेवणे घटनेच्या रचनेत बसत नाही, असे त्या निकालाचे सार होते. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि पुण्याची जागा सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत रिकामीच राहिली.

विदर्भाला यातला सर्वात जवळचा अनुभव चंद्रपूरचा. २०१९ मध्ये महाराष्ट्रातून निवडून आलेले काँग्रेसचे एकमेव खासदार बाळू धानोरकर ३० मे २०२३ रोजी गेले. सतरावी लोकसभा १६ जून २०२४ पर्यंत चालणार होती, म्हणजे मुदत एक वर्ष आणि सतरा दिवस उरली होती. निवडणूक झाली नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या बहुतेक भागासह यवतमाळमधल्या वणी आणि आर्णी या भागांतले अठरा लाखांहून अधिक मतदार वर्षभर लोकसभेत आवाजाविना राहिले. त्या वर्षात कोळसा खाणींतले विस्थापन, वाघांचे हल्ले, वीज केंद्रांचे प्रदूषण असे या जिल्ह्याचे प्रश्न थांबले नव्हते. खर्च वाचला हे खरे. पण भंडाऱ्यात जेमतेम वर्षासाठी निवडणूक घेता येते आणि चंद्रपुरात येत नाही, याचे समाधानकारक उत्तर आयोगाकडून मिळाले नाही. आयोगाने वेळेत तारीख जाहीर केली, तर अपवादाची पाळीच येत नाही. उशीर करून मग ‘वर्षापेक्षा कमी उरले’ म्हणणे हा कायद्याच्या हेतूचा पराभव आहे. चंद्रपूरच्या मतदारांनी १९ एप्रिल २०२४ रोजी सार्वत्रिक निवडणुकीत मतदान केले आणि धानोरकरांच्या पत्नी, वरोऱ्याच्या तेव्हाच्या आमदार प्रतिभा धानोरकर, दोन लाख साठ हजारांहून अधिक मतांनी निवडून आल्या.

इतर देशांत हा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटतो. जर्मनीत पक्षाच्या यादीतला पुढचा उमेदवार जागा घेतो. अमेरिकेत बहुतेक राज्यांत सिनेटची जागा राज्यपाल तात्पुरती भरतो, मात्र प्रतिनिधीगृहासाठी निवडणूकच घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये बहुधा ज्या पक्षाची जागा रिकामी झाली तोच पक्ष निवडणुकीचा आदेश काढण्याचा प्रस्ताव मांडतो, त्यामुळे वेळ पक्षाच्या सोयीने ठरू शकते. भारताने सहा महिन्यांची रेघ कायद्यातच ओढली आहे.

महाराष्ट्रातली अलीकडची लोकसभा पोटनिवडणूक नांदेडची. खासदार वसंतराव चव्हाण यांचे ऑगस्ट २०२४ मध्ये निधन झाले आणि २० नोव्हेंबरला विधानसभेच्या मतदानासोबतच मतदान झाले. एकाच केंद्रात, एकाच रांगेत उभे राहून मतदारांनी दोन यंत्रांवर बटणे दाबली. त्या मतदारसंघातल्या सहाही विधानसभा जागा भाजपप्रणीत महायुतीने जिंकल्या. लोकसभेला मात्र काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी निवडून आले.