बावन्न हिस्स्यांचं घर

तलाठी म्हणून नोकरीला लागलो आणि मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झालो. सगळी हयात सातारा जिल्ह्यात गेली, त्यातली बरीचशी कोरेगाव तालुक्यात. मालकीचा कुठलाही कागद समोर आला की हात आपोआप चष्म्याकडे जातो. मुलीकडे अमेरिकेत गेलो तेव्हा नातवंडांबरोबर फ्लोरिडाला जाऊन डिस्ने बघायचं ठरलेलंच होतं. ते बघितलं. पण माझं मन रमलं ते एका आठवड्याच्या खरेदीखतात.

आठवडा जावयाच्या मित्राचा. हा मित्र मूळचा सांगलीकडचा, अटलांटात स्थायिक झालेला. ऑरलँडोजवळ, किसिमी गावाच्या बाजूला एका अवाढव्य रिसॉर्टमध्ये त्याच्या नावावर जुलैतला एक आठवडा आहे. त्या वर्षी त्याला जमत नव्हतं, म्हणून त्यानं तो आम्हाला वापरायला दिला. निघायच्या आदल्या रात्री मुक्काम त्याच्याच घरी होता. जेवणं झाल्यावर 'काका, तुम्ही महसूल खात्यातले ना, मग हे बघाच' म्हणत त्यानं फाइल पुढं सरकवली.

इमारतीचं नाव, युनिटचा नंबर आणि त्यापुढं आठवड्याचा नंबर : २७. सत्ताविसावा आठवडा म्हणजे जुलैची सुरुवात. काउंटीच्या कचेरीत रीतसर नोंदवलेला दस्त, पुस्तक क्रमांक, पान क्रमांक. मालकी कायमची, वारसांकडं जाणारी, विकता येणारी. चतुःसीमेच्या जागी मात्र वार आणि वेळ. शनिवारी दुपारी ४ वाजता ताबा घ्यायचा, पुढच्या शनिवारी सकाळी १० वाजता सोडायचा. घरपट्टीसुद्धा आठवड्याच्या हिश्श्यानं. पाच-सहा वर्षांतून एकदा दिनदर्शिकेत त्रेपन्नावा आठवडा उगवतो, तो कोणाचा हेही आधीच लिहून ठेवलेलं. दस्त तयार करणाऱ्यानं डोकं लावलं होतं, हे मान्य करायला हवं.

जावयाला वाटलं, मी चकित होईन. झालो नाही. आमच्याकडं भाऊबंदांच्या सामाईक विहिरीवर हेच चालतं. चार भावांत जमीन वाटता येते, विहीर वाटता येत नाही. मग वाटायचे ते दिवस. थोरल्याची दोन दिवसांची पाळी, मग दुसऱ्याची. सातबाऱ्याच्या इतर हक्कात 'विहिरीत चौथा हिस्सा' अशी नोंद. दिवस उगवताना मोट एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जायची. पुढं मोटर आली, मग भारनियमन आलं आणि भांडणं वाढली : पाळी दिवसाची, वीज रात्रीची. एका गावात अशा तक्रारीचा पंचनामा करायला मी कंदील घेऊन बांधावर बसलोय. तेव्हा काळाचे तुकडे करून मालकी वाटणं यात मला नवं काही दिसलं नाही. नवं होतं ते असं, की आमच्या विहिरीचे हिस्से पडले ते बाप वारल्यामुळं. इथं एकानं नवंकोरं घर बांधून, आधीच बावन्न वारस कल्पून, त्यांना एकेक हिस्सा रोखीनं विकला होता. हे पहिल्यांदा कोणाच्या डोक्यात आलं असेल?

परतल्यावर जावयाच्या मदतीनं वाचत गेलो. सुरुवात अमेरिकेत झालेली नाही. १९६३ साली स्वित्झर्लंडमध्ये हापिमाग नावाची कंपनी निघाली. तिचा भाग घेतला की तिच्या सुट्टीच्या घरांत राहायचा हक्क मिळायचा. त्याच दशकात फ्रेंच आल्प्समध्ये सुपरदेवोलुई इथं बर्फावरच्या खेळांसाठी प्रचंड इमारती उठल्या, आणि तिथल्या लोकांनी गिऱ्हाइकाला सांगायला सुरुवात केली की दर वर्षी खोली भाड्यानं कशाला घेता, हॉटेलच घ्या, स्वस्त पडेल. युरोपातली कथा एवढ्यावर सोडतो.

अमेरिकेत ही कल्पना रुजली ती अडचणीतून. सत्तरीच्या सुरुवातीला फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर फ्लॅटच्या इमारती नुसत्या उगवत होत्या. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल अडवलं, पेट्रोलसाठी रांगा लागल्या, व्याजाचे दर चढले आणि मोटारीनं फ्लोरिडाला येणारा माणूस घरी बसला. बांधलेले फ्लॅट पडून राहिले, बिल्डरच्या डोक्यावर बँकेचं कर्ज. मग युरोपातली युक्ती कामाला आली. हिशोब सोपा आहे. समजा, फ्लॅट ४० हजार डॉलरला विकला जात नाही. त्याचे ५० आठवडे करा, दोन दुरुस्तीला ठेवा आणि एकेक ३ हजाराला विका. दीड लाख झाले. ४० हजार एकरकमी असणारा माणूस विरळा. ३ हजार हप्त्यानं देणारा दर चौकात सापडतो. गुंठेवारीचा जन्म आमच्याकडं असाच झाला, पण तो विषय काढला तर हा लेख संपायचा नाही.

तरी एक खोट राहिली होती. तेच गाव, तोच आठवडा, तीच खोली, जन्मभर. त्यावर तोड काढली इंडियानापोलिसच्या एका नवरा-बायकोनं. जॉन आणि क्रिस्टेल डीहान यांनी १९७४ मध्ये आरसीआय ही अदलाबदलीची संस्था काढली. तुमचा फ्लोरिडातला आठवडा तिच्याकडं जमा करा आणि दुसऱ्या कोणाचा डोंगरातला घ्या. आठवड्यांना रंग दिले : लाल म्हणजे हंगामाचा, पांढरा मधला, निळा पडेल. जमीन खात्यात आम्ही जिरायत-बागायत करतो, तशीच ही प्रतवारी. या अदलाबदलीनं धंद्याला पाय फुटले. पुढं क्रिस्टेलबाईंनी संस्था एकटीनं चालवली आणि १९९६ मध्ये विकली.

मला सगळ्यांत आवडलेला माणूस मात्र वेगळा आहे. केमन्स विल्सन, मेम्फिसचा. बापाचं छत्र लहानपणीच गेलेलं, पोरवयात थिएटरबाहेर पॉपकॉर्न विकलेला. १९५१ च्या उन्हाळ्यात हा बायको आणि पाच मुलांना मोटारीत घालून वॉशिंग्टन बघायला निघाला. वाटेतल्या मोटेलवाल्यांनी खोलीचं भाडं घेतलंच, वर दर मुलामागं २ डॉलर जास्त. मुलं झोपणार आईबापांच्याच खोलीत, पण १० डॉलर वेगळे. विल्सन इतका चिडला की त्यानं बायकोला सांगितलं, मीच मोटेल काढतो, एक-दोन नव्हे, ४०० काढतो; आणि मुलांचे पैसे घेणार नाही. ती हसली. हा गडी मुक्कामाच्या खोल्यांची मापं घेत परतला. १९५२ च्या ऑगस्टमध्ये मेम्फिसच्या समर अव्हेन्यूवर पहिलं मोटेल उघडलं. आराखडा काढणाऱ्यानं गमतीनं कागदावर १९४२ च्या एका सिनेमाचं नाव लिहिलं होतं, तेच कायम झालं : हॉलिडे इन. मुलं फुकट, प्रत्येक ठिकाणी खोली तशीच, पोहायचा तलाव, बर्फाचं यंत्र. १९५६ मध्ये सरकारनं देशभर हमरस्ते बांधायचा कायदा केला, आणि विल्सनची पाटी रस्त्यांबरोबर पसरत गेली.

१९७९ मध्ये हृदयाच्या दुखण्यानंतर तो हॉलिडे इनमधून बाहेर पडला. सहासष्टीचा माणूस आता स्वस्थ बसेल, असं कोणालाही वाटलं असतं. त्यानं डिस्नेच्या पश्चिमेला संत्र्यांच्या बागांतली जमीन घेतली आणि १९८२ मध्ये ऑरेंज लेक हे टाइमशेअर, म्हणजे आठवड्यांच्या हिश्श्यांनी विकायचं, रिसॉर्ट सुरू केलं. आधी त्यानं रस्त्यानं जाणाऱ्या कुटुंबाला एका रात्रीची खोली दिली, आता त्याच कुटुंबाला आठवडाभराचं घर, तेही स्वयंपाकघरासकट, विकायला काढलं. २००३ मध्ये तो वारला. ऑरेंज लेक आता शेकडो एकरांवर पसरलंय आणि फिरून त्याच्याच जुन्या नावाखाली, हॉलिडे इन क्लब म्हणून चालतं.

जमिनीचा इतिहास तर माझ्या हातचा. डिस्नेनं इथं साठीच्या दशकात २७ हजार एकरांहून जास्त जमीन घेतली, ती भलभलत्या नावांच्या कंपन्यांच्या आडून, भाव चढू नये म्हणून. १९६५ च्या नोव्हेंबरात खरेदीदार जाहीर झाला आणि १ ऑक्टोबर १९७१ ला पार्क उघडलं. ज्या १९२ नंबरच्या रस्त्यावर आमचं रिसॉर्ट होतं, त्याला अर्लो ब्रॉन्सन यांचं नाव आहे. हे गुरांचे मोठे मळेवाले आणि राज्याच्या सिनेटचे सभासद. हजारो एकर त्यांनीच डिस्नेला विकले. उरलेल्या संत्रेवाल्यांचं कंबरडं थंडीनं मोडलं. १९८३ चा डिसेंबर, १९८५ चा जानेवारी आणि १९८९ चा डिसेंबर, तीनदा असं हिव पडलं की झाडं बुडापासून जळाली. पुन्हा लावणी करून फळाची वाट बघायची, की बिल्डरला देऊन मोकळं व्हायचं? नाशिकच्या द्राक्षवाल्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही.

आमचा आठवडा छान गेला, हे लिहायलाच हवं. दोन बेडरूम, हॉलमधला सोफा उघडला की तिसरा पलंग. आमच्या हिनं अटलांटाहून निघतानाच डिकीत कुकर, तूरडाळ आणि थालीपिठाची भाजणी घातली होती. पार्कमध्ये एक दिवस ऊन खाल्ल्यावर तिनं जाहीर केलं की उंदीर बघून झाला, आता मी इथंच बसते. संध्याकाळी आम्ही भाजून निघालेले परत यायचो तेव्हा वरणभात तयार असायचा. शेजारच्या गॅलरीत ओहायोहून आलेली एक आजी बसायची. तिचा सव्विसावा आणि सत्ताविसावा असे दोन आठवडे, नवऱ्यानं घेतलेले. तो गेल्यावरही ती लेकीला आणि नातवंडांना घेऊन येत होती. समोरच्या गॅलरीतली माणसंही तिच्या ओळखीची, कारण त्यांचाही आठवडा तोच. वर्षातून सात दिवस टिकणारी ही आळी मला खरी वाटली. ठरावीक आठवड्याऐवजी पॉइंट विकायची पद्धत आल्यापासून ती मोडत चाललीय. डिस्नेनं १९९१ मध्ये आपला क्लब काढला तोच पॉइंटांवर. पॉइंट असले की माणूस हवा तेव्हा हवा तिथं जातो, सोय होते, पण शेजार उरत नाही.

विक्रीची तऱ्हाही बघितली. डिस्नेची तिकिटं स्वस्तात हवी होती, म्हणून त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या एका रिसॉर्टमध्ये त्यांचं विक्रीचं बोलणं नव्वद मिनिटं ऐकायला बसलो. नाश्ता चांगला होता. विकणारा पोरगा समोर बसून आम्हाला सरळ वाचता यावेत असे आकडे स्वतःकडून उलटे लिहीत होता. अशी सफाई मी आमच्या कचेरीतल्या जुन्या कारकुनांतही पाहिली नाही. जन्मभरात हॉटेलांवर किती जातील, याची बेरीज त्यानं मांडली. मी जावयामार्फत एकच विचारलं : देखभालीचा वार्षिक खर्च किती वर्षं हाच राहणार? त्यानं हसून आपल्या साहेबाला बोलावलं. साहेबानं भाव उतरवला, उत्तर दिलं नाही. इंग्रजांनीसुद्धा मुंबई इलाख्यात शेतसारा ३० वर्षांसाठी बांधून दिला होता. इथं सारा दर वर्षी नवा आणि रयतेनं मालक म्हणून सही केलेली.

फ्लोरिडाच्या कायद्याला एवढं श्रेय देतो, की १९८१ पासून या धंद्यासाठी वेगळा कायदा आहे आणि सही केल्यावर १० दिवसांत व्यवहार मोडता येतो. हा हक्क सोडतो असं गिऱ्हाइकानं लिहून दिलं तरी चालत नाही. आपल्याकडं स्टर्लिंगनं १९८६ मध्ये आणि महिंद्रानं १९९६ मध्ये याच कल्पनेवर कंपन्या काढल्या. तिथं आठवडा जमिनीसारखा नावावर होत नाही, ठरावीक वर्षांचं सभासदत्व मिळतं. मला ते बरं वाटतं. मुदत संपली की खातं बंद.

कारण खरी अडचण दस्त कायमचा असण्यातच आहे. परतताना पुन्हा मित्राकडं थांबलो, तेव्हा त्यानं ती सांगितली. मुलं मोठी झाली, त्यांना किसिमीत रस नाही. देखभालीचं बिल मात्र दर जानेवारीत येतं. जुने आठवडे लोक एक-एक डॉलरला विकायला ठेवतात, तरी कोणी घेत नाही. 'काका, तुमच्याकडं नको असलेल्या हिश्श्याचं काय करतात?' त्यानं विचारलं. म्हटलं, हक्कसोडपत्र करतात, भावाच्या नावानं. विहिरीतला हिस्सा भाऊ कधी नको म्हणत नाही. इथं तुझा हिस्सा कंपनीनं परत घ्यायला हवा, आणि तिनं घ्यावाच असं तुझ्या कागदात कुठं लिहिलेलं नाही. मी तीनदा वाचलंय. तेव्हा आधी त्यांना लेखी विचार. काही रिसॉर्टवाले आता परत घेतात, बहुतेक थकबाकी नसेल तरच. तोवर बिल भरत राहा आणि मुलांना इच्छापत्रात आठवडा देऊ नकोस. तुझ्या पश्चात नको असेल तर त्यांना वारसा लेखी नाकारता येतो, पण मुदतीत. तिथला वकील गाठ.

त्यानं हे सगळं मोबाइलमध्ये टिपून घेतलं. मग विचारलं, पुढच्या जुलैत पुन्हा जाणार का. आमची ही आतून म्हणाली, बिल भरलंयच तर जायला काय हरकत आहे.