दुकानातले वैरी, पत्रातले प्रियजन

१९३७ साली बुडापेस्टच्या रंगभूमीवर मिक्लोश लास्लो या नाटककाराचे एक सुखान्त नाटक आले. नाव अगदी साधे, सुगंधी द्रव्यांच्या दुकानाचे. पुढच्याच वर्षी लास्लोने हंगेरी सोडून अमेरिका गाठली. ज्यूंच्या नोकऱ्यांवर मर्यादा घालणारा पहिला कायदा हंगेरीत झाला तो याच १९३८ साली. नाटकही समुद्रापार गेले. १९४० मध्ये एर्न्स्ट लुबिच या दिग्दर्शकाने त्यावर 'द शॉप अराउंड द कॉर्नर' हा बोलपट काढला. अत्तरांच्या जागी चामडी पेट्या व पाकिटे आली, पण गाव मात्र बुडापेस्टच राहिले. लुबिच हा बर्लिनमधल्या एका शिंप्याचा मुलगा. गिऱ्हाईक दाराशी येताच चेहऱ्यावर हसू कसे आणावे लागते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नसावे.

एकाच ठिकाणी काम करणारे स्त्री-पुरुष आधी एकमेकांचा तिरस्कार करतात आणि अखेरीस एकमेकांचे होतात, या कथेची मोहिनी आजही ओसरलेली नाही. भांडणातून प्रेम ही कल्पना अर्थात जुनीच. शेक्सपिअरचे बिअट्रिस व बेनेडिक शब्दांनी एकमेकांना ओरबाडतात. जेन ऑस्टेनच्या १८१३ च्या कादंबरीत एलिझाबेथ डार्सीला झिडकारते. परंतु ती माणसे नको असेल तेव्हा निघून जाऊ शकतात. दिवाणखान्यातल्या वैराला रजा मिळते. पगारी वैराला ती नसते. सकाळी ठरल्या वेळी त्याच गल्ल्यापाशी, त्याच माणसाशेजारी उभे राहावेच लागते.

लास्लोच्या कथेतले वैर कसे सुरू होते, ते पाहण्यासारखे आहे. बोलपटात मातुशेक या मालकाने वाद्याचे सूर निघणारी एक सिगारेटची पेटी पसंत केलेली असते. क्रालिक हा त्याचा जुना विक्रेता स्पष्ट सांगतो की, हा माल खपणार नाही. इतक्यात नोकरीच्या शोधात आलेली क्लारा तीच पेटी एका जाड्या बाईच्या गळ्यात मारते, तीही मिठाईची पेटी म्हणून! झाकण उघडले की सूर वाजतील आणि खाण्यावर ताबा ठेवायची आठवण होईल, असा तिचा युक्तिवाद. क्लाराला नोकरी मिळते. क्रालिकचे मत मालकासमोर खोटे ठरते. पुढे त्या पेट्या दुकानात पडून राहतात, म्हणजे क्रालिकचेच खरे होते. पण एव्हाना दोघांच्या मनांत अढी बसलेली असते. तिच्या मुळाशी स्वभावदोष फारसा नाही, पोटाची धास्ती आहे. दोघेही निरपराध आहेत, म्हणूनच प्रेक्षकाला कोणा एकाची बाजू घेववत नाही.

आणि हीच दोघे, परस्परांची ओळख नसताना, एकमेकांना पत्रे लिहीत असतात. क्रालिकला ज्ञानकोश हवा होता. तो परवडेना म्हणून जाहिराती चाळताना त्याला पत्रमैत्रीची जाहिरात सापडली. विवाहाचा विचार मनात येताच तो पिरोविच या प्रौढ सहकाऱ्याला विचारतो ते दोन माणसांच्या संसाराला किती खर्च येतो हेच. दुकानात माणूस म्हणजे हुद्दा, पगार आणि मालकाची मर्जी. पत्रात तो केवळ मन. ज्या तासांना किंमत मिळते त्या तासांत माणूस जो असतो, तो खरा नव्हे, अशी प्रत्येक नोकरदाराची गुप्त समजूत असते. ही कथा त्या समजुतीला दुजोरा देते. तिच्या लोकप्रियतेचे मर्म बहुधा येथेच असावे.

तथापि एक खटकणारी गोष्ट उरतेच. भेटीच्या संध्याकाळी क्रालिकला नोकरीवरून काढून टाकलेले असते. कॉफीगृहाच्या खिडकीतून पिरोविच डोकावतो आणि आत कोण बसले आहे ते सांगतो. त्या क्षणापासून क्रालिकला सारे ठाऊक, क्लाराला काहीच नाही. टपालघरातल्या रिकाम्या खान्यात तिचा हात चाचपडतो आणि पाठोपाठ तिचा निराश चेहरा तेथे दिसतो; त्या दृश्यात गंमत थांबते. तरी निदान दोघेही पगारीच आहेत. १९९८ मध्ये नोरा एफ्रनने हीच कथा न्यूयॉर्कमध्ये नेली, तेव्हा नायकाच्या भल्यामोठ्या पुस्तकभांडाराने नायिकेचे आईपासून चालत आलेले छोटे दुकान बंद पाडले. तेथे क्षमा जरा स्वस्तात मिळाल्यासारखी वाटते. १९४९ चा वाद्यांच्या दुकानातला संगीतपट आणि १९६३ चे ब्रॉडवेवरचे संगीत नाटक या अवतारांत असा पेच नाही.

लुबिचच्या बोलपटात नाताळच्या आदल्या रात्री मातुशेक हिशेब पाहतो: १९२८ नंतर इतकी विक्री कधीच झाली नव्हती. मंदीची सारी वर्षे त्या एका सनात सामावलेली आहेत. दुकानातले दिवे मालवले जातात. पत्रलेखक कोण, हे कळल्यावर क्लारा एकच विनंती करते: पाटलोण जरा वर उचलून दाखवावी. कॉफीगृहात तिने त्याचे पाय फेंगडे असल्याचा टोमणा मारलेला असतो. क्रालिक निमूटपणे पाटलोण वर उचलतो. पाय सरळ असतात.