टी-शर्टवर स्क्रीन छपाई : घरी आणि वर्गात

चवथ, शिगमो, भजनी सप्ताह, शाळेचे स्नेहसंमेलन अशा निमित्तांनी पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील मंडळांना एकसारखे टी-शर्ट लागतात. वीस-पंचवीस शर्ट घरच्या घरी किंवा शाळेच्या वर्गात छापणे कठीण नाही. मात्र दोन गोष्टी आधीच ठरवाव्या लागतात. मुलांच्या हाती कोणते साहित्य द्यायचे आणि कोणते मुळीच द्यायचे नाही, ही पहिली. ऐन पावसात छपाई वाळवायची कशी, ही दुसरी. या दोन्हींची माहिती येथे क्रमाने दिली आहे.

तत्त्व

रांगोळीची जाळीची चाळणी आपल्या घरात असते. जेथे जाळी मोकळी तेथून रांगोळी खाली पडते, जेथे बंद तेथे पडत नाही. स्क्रीन छपाईचे तत्त्व हेच. लाकडी चौकटीवर पॉलिस्टरची जाळी ताणून बसवतात, नको असलेला भाग बंद करतात आणि रबरी पात्याच्या स्क्वीजीने रंग ओढून खालच्या कापडावर उतरवतात.

जपानी कारागीर कापडछपाईसाठी कागदी साचे कापत. त्यातले सुटे तुकडे जागेवर राहावेत म्हणून ते बारीक रेशमी धाग्यांनी बांधत. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी १९०७ मध्ये रेशमी जाळीच्या छपाईचे पेटंट घेतले. आपल्याकडे लग्नपत्रिका छापणाऱ्या अनेक छोट्या व्यावसायिकांनी याच पद्धतीवर घर चालवले. शिकण्यासाठी अशा एखाद्या कारागिराकडे दोन दिवस बसणे फार उपयोगाचे.

साहित्य

- लाकडी चौकट, साधारण ४० × ५० सेंटिमीटर. टी-शर्टसाठी इंचाला सुमारे ११० धाग्यांची जाळी. पत्रिकेसाठीची बारीक जाळी कापडाला पुरेसा रंग देत नाही.
- चित्रापेक्षा दोन्ही बाजूंनी थोडी रुंद स्क्वीजी.
- पाण्यात मिसळणारा कापडाचा पिगमेंट रंग आणि बाइंडर.
- शंभर टक्के सुती, फिक्या रंगाचा शर्ट, एकदा धुऊन खळ काढलेला. काळ्या शर्टवर साधा रंग दिसत नाही, त्याला अपारदर्शक रंग लागतो. फुटबॉलची जर्सी बहुधा पॉलिस्टरची असते. तिच्यावर हा रंग नीट टिकत नाही, ते काम दुकानातच द्यावे.
- शर्टच्या आत घालायला पुठ्ठा, म्हणजे रंग पाठीकडे उतरत नाही.

पहिला मार्ग : कागदी साचा

लहान मुलांसाठी हाच मार्ग योग्य. बटर पेपरवर चित्र काढून छापायचा भाग कापून टाकावा. कागद शर्टवर ठेवून त्यावर चौकट ठेवावी. रंगाचा पहिला हात फिरताच कागद जाळीला चिकटतो. असा साचा दहा-पंधरा छाप तरी देतो.

देवनागरी अक्षरे कापताना एक अडचण येते. ‘व’, ‘ब’, ‘क’, ‘ष’ यांच्या पोटातला तुकडा सुटून पडतो. हे तुकडे जपून ठेवावेत आणि चौकट ठेवण्यापूर्वी जागेवर मांडावेत. ओल्या रंगामुळे तेही जाळीला चिकटतात. जाळी न वापरता नुसत्या साच्यावर स्पंजने रंग टिपायचा असेल, तर पोटातला तुकडा बाजूच्या कागदाला जोडणारी बारीक पट्टी सोडावी. शिरोरेषा आणि वेलांट्या ठसठशीत ठेवाव्यात.

चित्र एका रंगाचे निवडावे. जुन्या देवळांच्या भिंतींवरील कावीकला यासाठी उत्तम नमुना आहे. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर आणि तो खरवडून काढलेली वेलबुट्टी. दोनच रंग असल्याने ती पांढऱ्या शर्टवर तांबड्या रंगात सहज उतरते. समई, घुमट, माटोळीतली फळे हेही सोपे आकार आहेत.

दुसरा मार्ग : इमल्शन

बारीक अक्षरे किंवा जास्त प्रती हव्या असतील तर जाळीवर प्रकाशसंवेदी इमल्शनचा पातळ थर देतात, अंधारात वाळवतात, वर काळ्या चित्राची पारदर्शक फिल्म ठेवून प्रकाश देतात आणि पाण्याने धुतात. काळ्या भागाखालचे इमल्शन धुऊन जाते, बाकीचे घट्ट होते. स्क्वीजीच्या बाजूने पाहिल्यावर अक्षरे सरळ वाचता आली पाहिजेत. उन्हात किती वेळ ठेवायचे हे इमल्शनवर अवलंबून असते, म्हणून आधी एका छोट्या तुकड्यावर वेगवेगळा वेळ देऊन पाहावे.

येथे सर्वांत महत्त्वाची सूचना. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या इमल्शनमध्ये अमोनियम डायक्रोमेटचे नारिंगी खडे विरघळवून घालतात. व्यवसायात त्याला बायक्रोमेट म्हणतात. हे रसायन कर्करोगकारक आहे, त्वचेला अपाय करते आणि पाण्यातल्या जिवांना घातक आहे. शाळेत आणि घरात ते आणूच नये. त्याऐवजी डायझो किंवा तयार फोटोपॉलिमर इमल्शन मागावे आणि ते काम मोठ्यांनीच हातमोजे घालून करावे. प्लास्टिसॉल शाईही टाळावी. ती हवेवर वाळत नाही, तिला सुमारे १६० अंश सेल्सिअस उष्णता लागते.

छपाई

जाळी आणि कापड यांत दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवावे. स्क्वीजी तिरकी धरून एकाच दाबाने एकदा, फार तर दोनदा ओढावी. चौकट सरळ वर उचलावी. मध्येच थांबल्यास रंग जाळीत वाळतो आणि भोके बुजतात. पहिले छाप वर्तमानपत्रावर, मग जुन्या कापडावर, शेवटी शर्टवर.

पावसाळ्यातले नियोजन

चवथ भाद्रपदात, म्हणजे पावसातच येते. दमट हवेत इमल्शन आतून ओले राहते आणि धुताना सगळेच निघून जाते. पंखा लावून अंधाऱ्या खोलीत चौकट पूर्ण दिवस ठेवावी. छापलेले शर्ट दोरीवर एकेक टांगावेत, एकावर एक रचू नयेत. पूर्ण वाळल्यावर शर्ट उलटा करून किंवा वर कापड ठेवून, वाफ न वापरता, सुती कापडाच्या तापमानावर प्रत्येक भागाला तीन ते पाच मिनिटे इस्त्री करावी. रंगाच्या डब्यावर वेगळी सूचना असल्यास तीच पाळावी. दोन-तीन दिवस धुऊ नये. ओले पांढरे फडके घासल्यावर डाग लागला तर पुन्हा इस्त्री करावी. एवढे सगळे जमायला चवथीच्या किमान तीन आठवडे आधी सुरुवात हवी.

वर्गात

एका तासिकेत सगळे होत नाही. पहिल्या दिवशी साचा, दुसऱ्या दिवशी सलग दोन तासिका छपाई. पाच-पाच मुलांचे गट करावेत : एक चौकट धरतो, एक स्क्वीजी ओढतो, एक शर्ट मांडतो, एक टांगायला नेतो, एक जाळी पुसतो. कामे आळीपाळीने बदलावीत. कटर आणि इस्त्री शिक्षकांच्याच हाती.

धुणे

उरलेला रंग पुठ्ठ्याने खरवडून डब्यात भरावा, जाळी वर्तमानपत्राने पुसावी आणि मगच बादलीत धुवावी. हे पाणी विहीर, वहाळ किंवा कुळागराच्या पाटाजवळ ओतू नये, शौचालयात ओतावे.

प्रत्येक छपाईची तारीख, रंगाचे प्रमाण, प्रकाश दिल्याची मिनिटे आणि हवा कोरडी होती की दमट, एवढे मंडळाच्या वहीत लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी काम करणाऱ्या मुलांना तीच वही मार्गदर्शक ठरेल.