सातबारा : गावी परतण्याचा कागद

नोकरी सोडून गावच्या जमिनीवर कायमचे राहायला जायचे ठरले, की कोकणातला माणूस बियाण्याच्या आधी सातबारा शोधतो. घरचे भात, घरची नाचणी, परसातली भाजी, गोठ्यात दोन गाई हे सगळे मनात पक्के असते. पण पाय ठेवायला जमीन लागते, आणि कूळ कायद्याचे कलम 63 बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेऊ देत नाही. म्हणून बहुतेकांना परतीची वाट घराण्याच्या उताऱ्यावरूनच सापडते. हा कागद कुठून आला, कुणासाठी आला, हे परतणाऱ्याने नांगर धरण्याआधी समजून घ्यावे, असे मला कळकळीने वाटते.

तो शेतकऱ्यासाठी निघालेला नाही. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारला दख्खनेतून सारा हवा होता. 1820 च्या दशकात प्रिंगल या अधिकाऱ्याने शेताच्या निव्वळ उत्पन्नावर सारा बसवण्याची पद्धत आखली. हिशेब बारकाईचा होता, पण जमिनीवर टिकला नाही. आकारणी इतकी जड बसली की इंदापूर भागात माणसे शेते टाकून निघून गेली. 1835 मध्ये त्याच इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी मोजणी पुन्हा सुरू केली. 33 फुटांची साखळी, तिचे 16 आणे, साखळीभर लांबरुंद तो गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. मातीची प्रत पाहून आकार ठरला आणि तो 30 वर्षे न वाढवण्याची हमी मिळाली. शेताला नंबर आला, बांधाला दगड आला, आणि त्या नंबराचा सारा भरणारा एक खातेदार कागदावर आला.

एक खातेदार. शेत कसणारे घर मात्र भाऊ, चुलते, विधवा आत्या आणि पोरांनी भरलेले. त्यांच्यापैकी एकाचे नाव वर गेले, मागे ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर एवढी खूण राहिली, आणि बाकीचे ‘व इतर’ झाले. आज परतणारा नातू तलाठ्याकडे गेला की त्याला जी सहहिस्सेदारांची लांबलचक यादी भेटते, तिचे मूळ इथे आहे. मुंबई, बडोदा, दुबई इथे पसरलेल्या चुलतभावंडांच्या संमतीवाचून वाटप सहज होत नाही आणि वाटपावाचून आपला बांध कुठला ते कळत नाही.

सारा कोण भरतो एवढेच न नोंदवता जमिनीवर कुणाकुणाचा हक्क आहे तेही नोंदवावे, यासाठी मुंबई इलाख्यात 1903 मध्ये वेगळा कायदा झाला आणि 1913 मध्ये तो महसूल कायद्यात मिसळला. गावदप्तराच्या नमुन्यांपैकी सातवा हक्काचा, बारावा पिकांचा. दोन्ही एकाच पानावर येऊ लागले आणि सातबारा तयार झाला.

कोकणात या पानामागे केवढी लढाई आहे, हे आपण विसरत चाललो आहोत. तिथे सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये सारा वसूल करणारा खोत होता. पिढ्यान्‌पिढ्या चिखल तुडवणाऱ्या घराचे नाव सातव्या नमुन्यात मुख्य रकान्यात नसे. फार तर कूळ म्हणून ‘इतर हक्क’ या रकान्यात बारीक अक्षरांत. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून काही वर्षे जमीन न कसता संप चालवला, उपास काढले. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, पुढच्या जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईत मोर्च्याने आले. खोती नाहीशी करणारा कायदा 1949 चा, आणि कूळ मालक ठरले तो दिवस 1 एप्रिल 1957. पुढे कूळ कायद्याच्या कलम 32 ग खाली किंमत ठरली, हप्ते फेडले, तेव्हा कुठे 32 म चे प्रमाणपत्र हाती आले. म्हणजे ज्या जमिनीला आपण सहज ‘वाडवडिलांची’ म्हणतो, ती कित्येक घरांत आजोबांच्या हयातीत नावावर झालेली आहे. कसणूक जुनी, मालकी नवी. आणि ज्यांच्या नावावर तेव्हाही काही आले नाही, त्यांच्या नातवंडांना परतायला घराण्याचा उतारा नाही. गावी परतण्याच्या सध्याच्या उत्साहात ही माणसे कुणाच्या बोलण्यात येत नाहीत, याचा मला खेद वाटतो.

बहिणींचे तसेच. वडील गेल्यावर मुलांची नावे मुख्य रकान्यात आणि मुलींची ‘इतर हक्कां’त, ही चाल सर्रास होती. 1990 च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. महाराष्ट्राने 1994 मध्ये, देशाने 2005 मध्ये मुलीला जन्मजात वाटा दिला. आता गावी परतणाऱ्यांत मुलीही आहेत, आणि त्या हक्काने आपला हिस्सा मागतात.

सातवा नमुना सगळे वाचतात. बारावा कुणी वाचत नाही, आणि ज्याला स्वावलंबी घर मांडायचे आहे त्याच्या कामाचा खरा तोच. तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुने उतारे काढावेत. मळ्यात भात, भातानंतर कुळीथ किंवा पावटा, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. घर काय जेवत होते, ते वर्षावर्षाने तिथे लिहिलेले आहे. मात्र त्यावरून जुने घर स्वयंपूर्ण होते असे समजू नये. पिकलेले भात बहुतेकांना वर्षभर पुरत नसे. उरलेले महिने मुंबईच्या गिरणीतून येणारी मनीऑर्डर काढत असे. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांतले कितीतरी गावी आले. तेही परतणेच होते, पण नाइलाजाचे. मनीऑर्डर थांबलेल्या घरात एकट्या वरकस जमिनीवर निभणे किती कठीण असते, हे त्या पिढीने भोगले. परतणाऱ्याने त्यांच्यापाशी बसावे. कुठला तुकडा पाणी धरतो आणि कुठला पैसा खातो, हे ती माणसे सांगतात.

1990 नंतर बाराव्या नमुन्यात नाचणी मागे पडून आंबा आणि काजू येतात. रोजगार हमीतून फळबागेला मिळालेल्या अनुदानाचा तो परिणाम. पुढे अनेक नंबरांवर नुसते ‘पड’. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या 2001 ते 2011 या दशकात घटली, त्याचाच हा शेतातला पुरावा.

15 ऑगस्ट 2021 पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करायची आहे. शेतात उभे राहायचे, फोटो काढायचा. पूर्वी चावडीत बसूनही रकाने भरले जात. आता माडाखाली हळद, बांधावर तूर, कुणग्यात भाजी लावणाऱ्याने आळस करून एकटे ‘आंबा’ लिहू नये. मिश्र पिकाला रकाना आहे. जे जे पेरले ते सगळे नोंदवावे, आणि वरकसात पुन्हा नाचणी आली असेल तर ती आधी.