डायलिसिसमध्ये अंगातले पाणी हळूहळू का काढतात?

आयसीयूत रुग्णाच्या अंगावर सूज असते, लघवी बंद असते, डायलिसिस चालू असते. अशा वेळी नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, मशीन लावलंच आहे, तर सगळं पाणी एकदाच काढून टाका ना!" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर समजायला वैद्यकशास्त्रालाही बरीच वर्षे लागली.

१९४३ मध्ये नेदरलँड्समधील काम्पेन येथे डॉ. विलेम कोल्फ यांनी फिरत्या ड्रमवर सेलोफेनची नळी गुंडाळून कृत्रिम किडनी तयार केली. १९४५ मध्ये तिच्यामुळे ६७ वर्षांच्या एका महिलेचे प्राण वाचले. या यंत्राने रक्तातली घाण निघायची, पण जास्तीचे पाणी नीट निघत नसे. दाब दिला तर नळी फुटण्याची भीती होती. १९४६ मध्ये स्वीडनचे डॉ. निल्स आल्वाल यांनी नळीला बाहेरून पक्का आधार दिला. आता दाब देऊन पाणी काढता येऊ लागले.

मग नवी अडचण आली. पाणी भराभर काढले की बीपी पडते. का? नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याला हे चटकन कळेल. उन्हाळ्यात पाझर कमी असताना मोटर जोरात चालवली, तर विहीर लगेच तळाला जाते. भोवती ओल असते, पण ते पाणी विहिरीत उतरायला वेळ लागतो. रक्तवाहिन्या म्हणजे विहीर आणि सूज म्हणजे भोवतालची ओल. मशीन फक्त विहिरीतून उपसते. गंभीर जंतुसंसर्गात हा पाझर आणखी मंदावतो. बीपी पडले की मेंदू, हृदय आणि आधीच दुखावलेली किडनी यांना रक्त कमी पडते.

१९७७ मध्ये जर्मनीतील ग्योटिंगेनचे डॉ. पीटर क्रेमर यांनी पंपाशिवाय, रुग्णाच्याच रक्तदाबावर, तासन्‌तास संथपणे पाणी काढण्याची पद्धत मांडली. आजची सीआरआरटी त्यातूनच पुढे आली. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या १,४३४ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ताशी, दर किलो वजनामागे १.७५ मिलीपेक्षा जास्त पाणी काढलेल्यांमध्ये मृत्यू अधिक दिसले. ६० किलोच्या माणसासाठी ही मर्यादा ताशी साधारण १०५ मिली होते. वेगामुळेच मृत्यू झाले, असे यावरून सिद्ध होत नाही. पण सावध राहायला हे पुरेसे आहे.

याचा अर्थ पाणी तसेच राहू द्यायचे, असा नाही. फुफ्फुसात साचलेले पाणीही जीवघेणे ठरते. म्हणून डॉक्टर बीपी, श्वास आणि दिवसभरात दिलेले सलाईन पाहून रोज हिशेब मांडतात.

सीआरआरटी सगळीकडे नसते. पण बऱ्याच रुग्णांत साध्या मशीनवरच ६ ते १२ तास संथ डायलिसिस करता येते. त्याला 'स्लेड' म्हणतात. त्यामुळे घाईने रुग्णाला हैदराबाद-पुण्याला हलवण्याआधी तुमच्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: आज किती पाणी काढणार, किती तासांत काढणार आणि बीपी पडले तर काय करणार?

सूज उतरायला दोन दिवस जास्त लागले, तर धीर धरा. विहीर कोरडी पडू न देणे हाही उपचारच आहे.